एकाच कुटुंबाच्या चार खुर्च्या

बडोद्यात मराठी सिनेमा सहसा येत नाही. आला तर आमच्या मंडळाच्या खटपटीने येतो, रविवारी सकाळी दहा वाजता, रावपुऱ्यातल्या जुन्या थिएटरात, एकच खेळ. साडेबाराला थिएटर रिकामं करून द्यावं लागतं, कारण मग हिंदी मॅटिनीची माणसं दारात उभी असतात. तिकिटं मंडळाच्या यादीप्रमाणे वाटली जातात. यादी म्हणजे चिटणीसकाकांची एक जाड लाल वही. तिच्यात माझ्या वडिलांचं आजीव सभासदत्व नोंदलेलं आहे आणि त्याखाली त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, 'कुटुंब: पत्नी, दोन मुलगे'. आई गेली, मागोमाग वडील गेले, दोन मुलगे गावाच्या दोन टोकांना राहायला लागले. वही मात्र तशीच राहिली. त्या वहीतून कुणाला काढायचं तर चिटणीसकाकांचा हात धजत नाही, असं म्हणतात.

आधीच्या खेळाला जागांवरून भांडणं झाली होती, म्हणून ज्या रविवारची ही गोष्ट, त्या वेळी पहिल्यांदाच खुर्च्यांचे नंबर दिले. काकांनी वही उघडली आणि एका कुटुंबाला एका रांगेत लागून खुर्च्या दिल्या. अकरा, बारा, तेरा, चौदा.

अकरावर वहिनी बसली होती. बारावर दादा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नऊ वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो. कारण एकच होतं आणि ते मी भेटेल त्याला सांगत आलो होतो. वडील हॉस्पिटलात होते, त्यांचं दुपारी एकाएकी बिघडलं आणि दादाने मला कळवलं नाही. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

"हे काय आहे?" मी बायकोच्या कानाशी म्हणालो.

"काय काय आहे? तिकिटावर तेरा-चौदा लिहिलंय."

"तुला माहीत होतं."

"मला काय माहीत? काकांनी पाकिटात घालून दिली. बसा बघू. आणि मला कडेची जागा द्या, आत मला कोंडल्यासारखं होतं."

बावीस वर्षांच्या संसारात तिला कधी कुठे कोंडल्यासारखं झाल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण ती चौदावर बसूनही गेली. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, बसून भांडा, पडदा दिसत नाही." मला निघून जाता आलं असतं. पण मी निघालो असतो तर दादाने ते पाहिलं असतं आणि माझ्या धंद्यात जो आधी उठतो तो पडतो. मी तेरावर बसलो.

आमच्या दोघांच्या मध्ये हात टेकायला एकच दांडी होती. तिच्यावर त्याचं कोपर होतं. मी माझं ठेवलं. थोड्या वेळाने त्याने आपलं काढून घेतलं. मी मनात म्हटलं, पहिली सूट त्याने दिली.

माझा धंदा जुन्या यंत्रांचा. आमच्या घराण्यात असला धंदा कुणी केला नव्हता. आजोबा संस्थानच्या शिक्षणखात्यात, वडील कलेक्टर कचेरीत, दादा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा. मी मॅट्रिकला दोनदा आपटलो आणि कोयलीला रिफायनरीचं काम निघालं तेव्हा एका कंत्राटदाराकडे पाइप मोजायला लागलो. तिथे बाद झालेले व्हॉल्व्ह कसे विकले जातात ते पाहिलं, दोन वर्षं पाहिलं आणि मग स्वतः घ्यायला लागलो. आता पाणीगेटला माझं गोडाऊन आहे. वाघोडियाला कारखाना बंद पडो की नवा उघडो, दोन्ही वेळा माणसं माझ्याकडे येतात. पण लग्नामुंजीत अजूनही माझी ओळख करून देताना नातेवाईक अडखळतात. "हा धाकटा. याचं ते… मशिनरीचं काहीतरी आहे." दादा अडखळत नसे. तो सरळ 'व्यवसाय' म्हणे. तो शब्द मला जास्त झोंबायचा.

सिनेमा सुरू झाला. एका लहान गावात एक म्हातारा शाळामास्तर अंथरुणाला खिळलेला आणि त्याची लग्न न झालेली मुलगी त्याचं सगळं करते. मुलगा लांब शहरात. बस, एवढीच गोष्ट. गाणं नाही, नाच नाही. म्हातारा खोकतो, मुलगी उठते. म्हातारा ओलं करतो, मुलगी चादर बदलते. पहिल्या वीस मिनिटांतच बायकांची नाकं ओढण्याचे आवाज यायला लागले.

मला असल्या वेळी एक खोड आहे. मन दुसरीकडे न्यायचं असेल तर मी वस्तूंचा भाव करतो. लोखंडी पलंग, जुना, जड, चांगला माल. शिवणयंत्र, पायाचं, चाक वाकडं. पितळी बंब, तळाला डाग दिलेला. म्हातारा पडद्यावर तळमळत होता आणि मी त्याच्या घरातली एकेक वस्तू उचलून मनातल्या मनात वजनकाट्यावर ठेवत होतो. एरवी या युक्तीवर माझी पूर्ण दुपार निभावते. त्या दिवशी घरातल्या वस्तू लवकर संपल्या.

मग ती मुलगी पेज भरवत असते. म्हातारा तोंड घट्ट मिटतो. ती विनवते. तो मिटलेलंच ठेवतो. शेवटी तो हाताने वाटी उडवतो, पेज तिच्या केसांत, भिंतीवर, धुतलेल्या चादरीवर जाते, आणि ती त्याच्या थोबाडीत मारते. एकदा नाही, तीनदा. आणि किंचाळते, "मरा ना! मरा एकदाचे! दादा येणार नाही, मीच आहे, मरा माझ्या हातून!" म्हातारा गाल धरून तिच्याकडे बघतो, लहान मुलासारखा. मग ती त्याचंच तोंड पुसायला लागते, पदराने, पुन्हा पुन्हा तीच जागा.

  मी उठलो, बायकोच्या गुडघ्यांवरून ओलांडून बाहेर गेलो. मुतारीत गेलो, काही झालं नाही. पाणी प्यालो. येऊन बसलो. पाच मिनिटांनी पुन्हा उठलो. दारावरचा माणूस म्हणाला, "काका, घडी घडी बहार केम जाओ छो? पिक्चर सारी नथी?"

"सारी छे," मी म्हटलं, चांगली आहे. "बहु सारी छे. एज तकलीफ छे."

तो हसला. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

मध्यंतरात दिवे लागले तेव्हा मी समोर बघत बसून राहिलो. दादाही. आमच्या दोघांच्या पाठीमागून आमच्या बायका एकमेकींशी बोलत होत्या, जणू आम्ही दोन खांब होतो. वहिनीने पर्समधून बडोद्याच्या हिरव्या, ओलसर लिल्या चिवड्याचा डबा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या भाऊजी."

"नको. पोट बरं नाही."

"म्हणून तीनदा बाहेर गेलात होय?"

"दोनदा," मी म्हणालो.

"तीनदा," दादा म्हणाला. समोर बघत, माझ्याशी नाही, वहिनीशी. "तिसऱ्यांदा दारातून परत फिरला."

चिटणीसकाका रांगेतून हिंडत होते. आमच्यापाशी थांबले, खांद्यांवर हात ठेवले, माझ्या एका आणि त्याच्या एका. "वा! सगळं कुटुंब आलंय. जागा चांगल्या मिळाल्या ना?"

दादा म्हणाला, "फार चांगल्या."

मी म्हणालो, "काका, ती वही एकदा नवी करा."

"का? काही चुकलंय?"

माझ्या जिभेवर बरंच काही होतं. पण काका माझ्या वडिलांचे दोस्त, ऐंशीच्या घरातले, हातात तिकिटांचे फाटलेले तुकडे. "नाही," मी म्हटलं. "जुनी झालीय एवढंच."

दिवे गेले. मला आता त्या खुर्चीत पाय कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. मी घड्याळ पाहिलं, अजून सव्वा तास. एखाद्या सौद्यात समोरच्याच्या मनात काय आहे ते कळेनासं झालं की मी असाच होतो, बाहेरून दगड आणि आत सगळं हललेलं. फरक एवढाच की इथे समोरचा माणूस माझ्या बाजूला बसला होता आणि दोघं मिळून तिसऱ्याचंच मरण बघत होतो.

म्हाताऱ्याची नाडी जायला लागते. मुलगी अनवाणी पोस्टात धावते, ट्रंककॉल लावते, भावाच्या खोलीत फोन वाजतो. पडद्यावर ती खोली दिसते. नीट घातलेला पलंग, खिडकीत वाळत घातलेला शर्ट, आणि टेबलावर काळा फोन. वाजतोय. कुणी नाही. कॅमेरा तिथून हलतच नाही. वाजतोय, वाजतोय, थांबतो. पुन्हा वाजतो.

आजूबाजूच्या बायका रडत होत्या. मी त्या फोनकडे बघत होतो आणि माझ्या कानशिलावरून घाम उतरत होता. कारण त्याचा फोन निदान वाजत तरी होता.

आता जे लिहितो ते तोपर्यंत मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

वडील गेले त्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलात जाऊन आलो होतो. ते बरे होते. बशीतून चहा प्याले, दाढी कर म्हणाले. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत घरी. दिवसा दादा बसायचा आणि संध्याकाळी मी, असं ठरलं होतं. अकराला मी गोडाऊनवर आलो, कारण वाघोडियाची एक पार्टी बॉयलर बघायला येणार होती. दोन भाऊ होते, पक्के. बॉयलरभोवती चार फेऱ्या मारून ते माझ्या टेबलाशी बसले. मी चहा मागवला आणि नेहमी करतो तेच केलं. टेलिफोनचा रिसीव्हर उचलला आणि बाजूला घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर ठेवला.

ही माझी रीत होती. सौदा शेवटच्या भावाला आला की फोन वाजता कामा नये. फोन वाजला की समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो आणि विचार करायला लागलेला माणूस खाली उतरतो. शिवाय रिसीव्हर काढून ठेवला की त्यालाही वाटतं, शेठने आपल्यासाठी जग बाजूला ठेवलं. कोयलीतल्या त्या कंत्राटदाराकडून मी हे शिकलो होतो आणि बाजारात माझी त्यासाठी ओळख होती. "बोलो शेठ, छेल्लो भाव बोलो," ते म्हणत. मी म्हणत असे, "तुम्ही बोला." असं दोन वाजेपर्यंत चाललं. शेवटी ते बोलले. बॉयलर मला हव्या त्या किमतीला गेला.

ते बाहेर पडत असतानाच दादाचे शेजारी स्कूटरवरून आले. "चला," एवढंच म्हणाले. "मोठ्यांनी पाठवलंय." त्यांचा चेहरा पाहून मला समजलं. मी उठलो, चपला घातल्या, आणि निघण्याआधी वळून तो रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला. घाईतही ठेवला. वडील गेले हे कळल्यावर माझ्या हाताने केलेलं पहिलं काम ते.

हॉस्पिटलात जिन्यापाशी दादा कागदांवर सह्या करत होता. मामा होते, शेजारी होते, त्याच्या कॉलेजातले दोन-तीन प्राध्यापक होते. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "मला कळवायला एक फोन जड झाला तुला? भंगारवाल्याला कशाला बोलवायचं, हो ना?" आणि आणखी पुष्कळ. तो चष्मा काढून पुसत राहिला. त्याचं ते गप्प राहणं मी कबुली म्हणून धरलं आणि नऊ वर्षं वापरलं. लोकांनाही पटायचं, कारण माझा घसा मोठा होता. मला स्वतःला कितपत पटत होतं ते मी कधी तपासलं नाही. तपासायला एकच प्रश्न विचारावा लागला असता. तो विचारला की उत्तर आलं असतं.

पडद्यावर म्हातारा गेला. मुलगी रडत नाही. ती पेजेचं पातेलं घासायला घेते, घासतच राहते, आणि सिनेमा संपतो.

दिवे लागले तरी कुणी उठेना. वहिनीने डोळ्यांना पदर लावला होता. बायको माझ्याकडे बघायचं टाळत होती. दादाने चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला लागला, तसाच, गोल गोल. ते पुसणं पाहिलं आणि माझ्याच्याने राहवेना.

"फोन केला होतास?" मी विचारलं.

नऊ वर्षांत माझा पहिला शब्द. कुठला फोन, कधी, काही म्हणालो नाही. त्यानेही विचारलं नाही.

"केला होता."

"किती वेळा?"

"मोजले नाहीत. खाली डबा होता नाणी टाकायचा, तिथून. नाणी संपली तेव्हा पानवाल्याकडून सुटे आणले. एंगेज येत होता. मग शेजाऱ्यांना स्कूटर घेऊन पाठवलं." तो चष्म्यातून छताकडे बघत होता, डाग राहिलाय का ते. "आधी पाठवायला हवं होतं. मला वाटलं, आता लागेल, आता लागेल."

"मग तेव्हा का बोलला नाहीस? मी तुला तिथे वाट्टेल ते बोललो!"

"हळू बोला," बायको म्हणाली.

"काय सांगू? तू रिसीव्हर काढून ठेवला होतास, असं? मामांसमोर?"

मी त्याच्याकडे पाहिलं.  "तुला माहीत होतं?"

"तुझ्या गोडाऊनवर बसून दोन सौदे पाहिलेत मी. वर्तमानपत्राची घडी करतोस आणि त्यावर ठेवतोस, आवाज होऊ नये म्हणून." तो चष्मा घालत म्हणाला, "तिथे सांगितलं असतं तर जन्मभर तेच चिकटलं असतं तुला. लोक विसरत नाहीत."

"आणि नंतर? नऊ वर्षं होती!"

"नंतर मला राग आला होता," दादा म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "मला येत नाही का राग? सगळा राग काय तुझ्याच वाट्याला दिलाय? मी वाट बघत होतो तू कधी विचारतोस याची."

म्हणजे तोही भाव आधी बोलायला तयार नव्हता. मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. एक प्रश्न अजून उरला होता. तो खरा होता, बाकीचं सगळं त्याच्याभोवतीचं बांधकाम.

"बाबांनी माझं काही विचारलं?"

वहिनी उठायला लागली होती, ती पुन्हा बसली.

"विचारलं," दादा म्हणाला. "धाकटा कुठाय म्हणाले. मी म्हटलं, निघालाय. स्कूटरवर आहे."

"खोटं बोललास."

"हो."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, त्याला म्हणावं घाई करू नको. मांडवीपाशी गर्दी असते, हा मुलगा आडवातिडवा घुसतो. सावकाश ये म्हणावं." त्याने रुमालाची घडी केली. "मग डोळे मिटून वाट बघत होते. त्रास नव्हता. तू येतोयस असंच त्यांना वाटत होतं."

मी दोन्ही हात त्या मधल्या दांडीवर ठेवले. काहीतरी धरायला हवं होतं आणि तेच जवळ होतं. दादाने कोपर हलवलं नाही, त्यामुळे माझा हात त्याच्यावरच पडला. मी काढला नाही. दारावरचा माणूस टाळ्या वाजवत आत आला. "चालो काका, चालो, मॅटिनीवाळा ऊभा छे!" मला बघून म्हणाला, "हवे आ काका ऊठता नथी!" आणि आता मी उठत नाही हे ऐकून रांगेतली माणसं हसली, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी.

बाहेर ऊन कडक होतं. पायऱ्यांवर दादा म्हणाला, "घरी चला जेवायला." मी म्हटलं, "आज नको." त्या दिवशी मला त्याच्या घरी ताटावर बसणं जमलं नसतं.  मांडवीपाशी गर्दी होती. मी स्कूटरवरून उतरून ती हाताने ढकलत नेली. बायको मागे चालत राहिली आणि का ढकलताय म्हणून तिने विचारलं नाही.

माझी तक्रार पूर्ण गेली असं नाही. त्याने ते तिथेच, जिन्यापाशी, सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. मी चिडलो असतो, भिंतीवर डोकं आपटलं असतं, पण नऊ दिवाळ्या वाचल्या असत्या. हे मी त्याला नंतर म्हणालोही. तो म्हणाला, "तू विचारायला हवं होतंस." यावर आमचं अजून जमलेलं नाही.

त्याच आठवड्यात गोडाऊनवर हालोलची एक पार्टी लेथ मशीन बघायला आली होती. बोलणं अगदी शेवटाला आलं होतं. माझा हात सवयीने फोनकडे गेला, वर्तमानपत्राची घडी तिथेच होती. मी हात मागे घेतला. आणि दोनच मिनिटांत फोन वाजला.

"हॅलो," पलीकडे दादा होता. "काही काम नाही. लागतो का बघत होतो."

"लागला," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि तरीही ठेवीना. मीही ठेवला नाही. तेवढ्यात समोरच्या माणसाला विचार करायला वेळ मिळाला. तो लेथभोवती आणखी एक फेरी मारून आला आणि भाव खाली उतरवून बसला.